लग्नाच्या टाइपातली निधनवार्ता

१

निशा कुरणे माझ्याकडे आली ती स्वतःच्याच निधनाचा कागद पर्समध्ये घालून.

सत्त्याण्णव सालचा डिसेंबर होता. मी तेव्हा राजारामपुरीत श्रुतीच्या डीटीपी सेंटरवर प्रुफं वाचायला बसायचो. त्याआधी बत्तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर उचलायचं आणि ओळ लावायची. छापखाने मिटले, खिळे भंगारात गेले, मी तेवढा उरलो. लोक मला आण्णा म्हणतात.

श्रुती पोरगी हुशार, पण तिच्या कॉम्प्युटरमध्ये साठ फॉन्ट आणि कुठला कुठं लावायचा याचा पत्ता नाही. एकदा तिनं एका अपार्टमेंटच्या पाणीबंदीच्या सूचनेला वेलांट्या लांबवलेला नाजूक फॉन्ट लावला. मी म्हणालो, बाई, पाणी तोडणार आहेस की जेवायला बोलावणार आहेस? कुस्तीच्या मैदानाच्या पोस्टरला जाड, तिरका, अंगावर धावून येणारा टाइप लागतो. कोर्टाच्या नोटिशीला बारीक आणि सरळ. मयताला ठसठशीत काळा, भोवती काळी चौकट आणि वर 'श्री' घालायचा नाही. लग्नाला वळणदार, पातळ, कुंकवाच्या रंगात. एक शब्दही न वाचता माणसाला दुरूनच कळलं पाहिजे, हसायचं आहे की रडायचं आहे. हे मी तिला इतक्यांदा सांगितलंय की ती आता माझ्याआधी बोलून दाखवते.

निशा बाई शाळेत शिकवायच्या. त्यांच्या प्रश्नपत्रिका आमच्याकडेच व्हायच्या, म्हणून ओळख. त्या दिवशी त्यांनी पर्समधून कागद काढून माझ्यापुढं ठेवला.

कागद वहीच्या पानाएवढा. भोवती नाजूक वेल, वेलीच्या चारी कोपऱ्यांत पोपट. वर 'श्री जोतिबा प्रसन्न'. सगळं कुंकवाच्या शाईत, लग्नाच्या वळणदार टाइपात. आणि मजकूर असा:

'दुःखद निधन. आमची कन्या निशा हिचे दुःखद निधन झाले असे. रक्षाविसर्जन रविवारी सकाळी. शोकाकुल: श्रीमती विठाबाई खोत, श्री. हंबीरराव खोत, सौ. शालूबाई, चि. पृथ्वीराज आणि समस्त खोत परिवार.'

कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदीची बोटं लावलेली होती.

इतक्या वर्षांत मयताचे शेकडो कागद जुळवले, पण असला क्रूर कागद पाहिला नव्हता. नुसतं मारून भागलं नव्हतं कुणाचं, वर थट्टाही केली होती.

निशा बाईंनी सांगितलं ते थोडक्यात असं. अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी आदर्श कुरणे यांच्याशी लग्न केलं. आदर्श बौद्ध घरातले, निशा बाई मंगळवार पेठेतल्या खोतांच्या. लग्न ठरताच भावकी पेटली, निशा एका रात्रीत घर सोडून गेल्या, आणि त्यानंतर नऊ वर्षं त्या दाराशी संबंध नाही. आठ दिवसांपूर्वी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळतं. निशा बाईंनी भेटायला जायचं ठरवलं. सोमवारी पहाटे दार उघडलं तर उंबऱ्यावर हा कागद, वर तांदळाचे चार दाणे. खोतांच्या गल्लीत चाळीस घरांत त्याच पहाटे हाच कागद पडला होता.

"आण्णा, माझ्या बापानं हे केलं का, एवढंच शोधून द्या," त्या म्हणाल्या. "केलं नसंल तर आत्ता जातो. केलं असंल तर मेलेल्या माणसानं त्या दारात कशाला जायाचं?"

वडिलांकडे दिवस किती उरलेत, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

२

मी कागद पालथा केला आणि मागून बोट फिरवलं. अक्षरं बोटाला लागत होती. ऑफसेटवर छापलेलं असं लागत नाही, खिळ्यांनी दाबलेलंच लागतं. कडा पिवळ्या पडलेल्या, घडी चिरत आलेली.

"तुमच्या आजी, विठाबाई, आहेत का हो?" मी विचारलं.

"न्हाय. नव्वद सालीच गेली. मला बसमध्ये एका बाईकडनं कळलं, तेराव्यानंतर." बोलता बोलता त्या थांबल्या आणि कागदाकडे बघत राहिल्या. आपलं मरण वाचताना कुणाचं लक्ष खालच्या नावांकडे जातं?

सात वर्षांपूर्वी गेलेली आजी नातीसाठी शोकाकुल कशी होईल? आणि पृथ्वीराज 'चि.' कसा? त्याचं लग्न होऊन सार्थक नावाचा मुलगा सहा वर्षांचा झाला होता. कागद आजचा नव्हताच. तो अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचा होता. वाटला फक्त परवा.

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. झालं उलटंच.

"म्हंजे मी घर सोडलं तवाच छापला," त्या उठत म्हणाल्या. "घरात तवा छापून आणणारं माणूस एकच हुतं. मग झालं की. बापानंच केलं."

मी त्यांच्याकडे दोन दिवस मागितले. त्यांनी दिले, पण घड्याळाकडे बघून दिले.

३

खोतांच्या घरी मी पृथ्वीराजला भेटायला गेलो. माणूस तालमीतला, आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा, पण आईची चाहूल लागली की कुजबुजायचा. त्याचा संशय कुरण्यांच्या नातेवाइकांवर होता. आम्हाला जित्तेपणी छळायचं, म्हातारा मरायला टेकलाय तर त्याचं हसं करायचं, असं त्याचं म्हणणं. गल्लीतल्या बायका तर करणीच म्हणत होत्या. हळद लावलेला मयताचा कागद म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार? घरोघर फिरून त्यानं सदतीस कागद गोळा केले आणि पंचगंगेच्या काठावर नेऊन जाळले. आईला त्यातलं एक अक्षर कळू दिलं नव्हतं. गल्लीलाही बजावलं होतं, आमच्या आईपुढं कुणी तोंड उघडायचं नाही.

"तू हा कागद आधी कधी बघितला होतास?" मी विचारलं.

"आबाची शपथ, न्हाय. आबाची जुनी कागदं आतल्या ट्रंकंत असत्यात, तिला आमी कधी हात लावला न्हाय. किल्ली त्यांच्या करदोट्याला असायची. रविवारी अंग पुसताना काढली तवा पैल्यांदा ती किल्ली त्यांच्यापासनं लांब गेली."

किल्ली आता कुठं आहे, असं मी विचारणार तोच त्याची आई, शालूबाई, चहा घेऊन आल्या. त्या कोडोलीच्या. लहानपणी शेण आणि शेळ्या, शाळेचं तोंड बघितलं नाही, हे त्यांनी स्वतःच हसत सांगितलं. चेहऱ्यावर जागरण दिसत होतं, पण त्याखाली काहीतरी उजळ होतं. मरणाच्या घरात ते मला चमत्कारिक वाटलं.

आतल्या खोलीत हंबीरराव पडले होते. शालूबाईंनी औषध पाजलं. बाटलीवरची चिठ्ठी मी वाचायला घेतली, तर त्या म्हणाल्या, "मला काय ते कळत न्हाय, पावणं. हिरव्या झाकणाची सकाळी, तांबड्या झाकणाची राती. रंग बघूनच देतो मी. अजून चुकलो न्हाय."

मी हंबीररावांना नमस्कार केला. ते डोळ्यांनी दाराकडे बघत होते. मी असेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

४

कोपऱ्यात पोपट असलेली वेल आमच्या धंद्यात एकाच छापखान्याकडे होती. तो ब्याण्णव साली बंद पडला. तिथला जुळारी जोतीराम आता कबनूरला यंत्रमागावर कांड्या बदलत होता. दुसऱ्या दिवशी एसटीनं तिथं गेलो. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येईना, म्हणून त्यानं मला बाहेर कट्ट्यावर नेलं. कागद पुढं केला तसा त्याचा चेहराच उतरला.

"हे भाईर कसं आलं?" एवढंच तो म्हणाला. मग बिडी पेटवली आणि हळूहळू सांगू लागला.

निशा ज्या रात्री घर सोडून गेली, त्या दिवशी सकाळी हंबीरराव एकटेच छापखान्यात आले होते. मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायची म्हणाले. मुलगा कुरण्यांचा. जोतीरामला नवल वाटलं, पण विचारलं नाही. दुपारपर्यंत पत्रिका जुळली. प्रूफ तपासून हंबीरराव घरी गेले. उद्या सकाळी पोरीच्या हातातच नेऊन देतो, तोवर तिला सांगत नाही, म्हणाले. मशीनवर कुंकवाची शाई चढली.

"आन् संध्याकाळी परत आले ते भावकीतलं पाच जण मागं घिऊन. कुणीतरी फोडलं हुतं. त्यातला एक म्हणाला, ही पत्रिका न्हाय निघायची, पोरीचं मयत निघंल. आत्ताच्या आत्ता छाप, आमच्या डोळ्यादेखत."

"हंबीरराव हो म्हणाले?"

"व्हय बी म्हणाले न्हाईत, न्हाय बी म्हणाले न्हाईत. स्टुलावर बसले मान घालून."

जोतीरामनं मधल्या ओळी काढल्या आणि दुसऱ्या घातल्या. खालची नावं तीच ठेवली, फक्त 'आपले नम्र'च्या जागी 'शोकाकुल' आलं. बाकी कशालाच त्यानं हात लावला नाही.

"टाइप बदलला न्हाईस, शाई बदलली न्हाईस, वरचं 'श्री' बी काढलं न्हाईस," मी म्हणालो. "तुझ्यासारख्या जुळाऱ्याकडनं ही चूक हुईल व्हय?"

"चूक न्हाय ती. मुद्दाम ठिवलं. म्हटलं असलं येडंवाकडं कागूद कोण भिताडाला लावंल? भावकीनं शब्द वाचलं आन् गेली. त्यांना अक्षर कुठं बघता येतंय, आण्णा? ते आपल्यालाच कळतंय."

भावकी गेल्यावर हंबीररावांनी दोनशेच्या दोनशे कागद बांधून घेतले. जोतीराम, यातला एकही बाहेर गेला तर माझी पोर खरंच मरेल, असं म्हणाले आणि गठ्ठा छातीशी धरून चालत निघाले. घरी पोचले तेव्हा निशा निघून गेली होती. भावकी जमतेय हे कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. पत्रिकेचं मात्र कुणीच सांगितलं नाही.

जोतीराम उठून खोलीत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद घेऊन आला. पहिल्या पत्रिकेचं प्रूफ, कुंकवाच्या शाईतच काढलेलं. नऊ वर्षं त्यानं ते टाकलं नव्हतं. त्यावर एकच दुरुस्ती होती. जुळवताना मुलाच्या वडिलांच्या नावाआधीचं 'श्री.' राहून गेलं होतं, ते हंबीररावांनी पेन्सिलीनं स्वतः लिहिलं होतं.

"हे राहिलं बघ म्हणाले मला," जोतीराम म्हणाला. "सोयरं हाईत आमचं, नीट छाप."

मी प्रूफ खिशात घातलं. परतीच्या एसटीत ते दोनदा काढून बघितलं आणि दोन्ही वेळा मला पुढचं नीट दिसेना.

५

निशा बाई सेंटरवर येऊन बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजे केलं का न्हाय केलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, केलं आणि नाही केलं. सकाळी लग्न छापलं, संध्याकाळी मरण छापू दिलं, आणि मग दोन्ही नऊ वर्षं कुलपात ठेवलं. यापेक्षा सोपं उत्तर मला सापडलेलं नाही.

"मग आता वाटलं कुणी? पृथ्वीनं?"

पृथ्वीराजनं वाटले असते तर तोच दारोदार फिरून गोळा का करील? शिवाय हळद का लावील? मी त्यांच्यापुढं कागद ठेवला आणि म्हणालो, आता यातलं काही वाचू नका, नुसतं बघा. वेल आहे, पोपट आहेत, वर देवाचं नाव, कुंकवाची शाई, वळणदार टाइप. कोपऱ्यांना हळदीची बोटं, उंबऱ्यावर अक्षता. हे सगळं मिळून काय आहे?

"पत्रिका," त्या म्हणाल्या.

ज्या माणसानं हे वाटलं, त्यानं पत्रिकाच वाटली. थट्टा कुणी केलीच नव्हती. त्या माणसाला ठाऊक होतं की अठ्ठ्याऐंशी साली निशाच्या लग्नाच्या पत्रिका छापायला टाकल्या होत्या. त्याच दिवशी तांबड्या अक्षरांच्या कागदांचा गठ्ठा ट्रंकेत गेलेला त्यानं पाहिला होता. रविवारी ट्रंकेची किल्ली त्याच्या हातात आली. भावकीला शब्द वाचता आले, अक्षर दिसलं नाही. या माणसाला फक्त अक्षर दिसलं. तुमच्या घरात औषधाची बाटली झाकणाचा रंग बघून कोण ओळखतं?

निशा बाईंनी कागद उचलला आणि कोपऱ्यातल्या हळदीच्या बोटावर आपलं बोट ठेवलं.

"आई," त्या म्हणाल्या. मग टेबलावर डोकं ठेवून रडल्या. श्रुतीनं शटर अर्धं खाली ओढलं.

रडणं थांबल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली. तिला कुणी सांगितलं नाही ना, यात काय लिहिलंय ते? नाही, मी म्हणालो. पृथ्वीराजनं गल्लीचं तोंड बंद केलंय. त्याला कारण ठाऊक नव्हतं, पण काम बरोबर झालं होतं.

मी जोतीरामचं प्रूफ त्यांच्या हातात दिलं आणि रिक्षा बोलावली.

६

आधी मी पृथ्वीराजला गल्लीच्या तोंडाशी गाठून सगळं सांगितलं. तो एवढा आडदांड गडी, पण रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. ट्रंकेत उरलेले कागद आजच्या आज नाहीसे करतो म्हणाला. मग बहिणीकडे न बघताच त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढं चालू लागला.

शालूबाई दारातच होत्या. निशाला बघून त्यांनी रडारड केली नाही. भाकरतुकडा ओवाळून टाकला, तोंडावरून हात फिरवला आणि पहिला प्रश्न केला तो हाच.

"पत्रिका पोचली न्हवं?"

"पोचली की," निशा म्हणाली. "म्हणून तर आलो."

शालूबाईंचा चेहरा खुलला. बोलता बोलता त्यांनी सगळं सांगून टाकलं. पत्रिका छापायला टाकल्याचं ह्यांनी त्या दुपारी तेवढं कानात सांगितलं होतं, पोरीला उद्यापर्यंत बोलू नको म्हणाले होते. पहिल्या बसनं गेलते, दार वाजवायचं धाडस झालं नाही, उंबऱ्यावर ठेवून आले. ह्यांचा जीव अडकलाय, पोरीचं लगीन जाहीर केल्याबिगर जायाचा न्हाय, असं त्यांना वाटलं होतं. गल्लीला कळू दे की बापानं नाही म्हटलं नव्हतं. गल्लीतलं अजून कुणी काही बोललं नाही, याचं तेवढं त्यांना वाईट वाटत होतं.

मग त्यांनी निशाचा हात धरून तिला आत, हंबीररावांच्या खाटेशी नेलं.

"तुला वाचता येतंय. वाच की मोठ्यानं, काय लिवलंय त्यात. नऊ वर्सं झाली, मला कुणी वाचून दाखवली न्हाय."

निशानं पर्स उघडली. आत दोन कागद होते, दोन्ही तांबड्या अक्षरांचे, दोन्हींवर वेल आणि पोपट. तिनं प्रूफ काढलं आणि वाचायला लागली. श्री जोतिबा प्रसन्न. आमची कन्या चि. सौ. कां. निशा हिचा शुभविवाह. आवाज शाळेत वाचतात तसा स्वच्छ लावला होता, पण मुलाच्या वडिलांच्या नावाशी आली आणि अडकली. पेन्सिलीच्या अक्षरावर तिनं बोट ठेवलं.

"श्री.," ती म्हणाली. "आबा, हे तुमी लिवलंय न्हवं?"

हंबीररावांना बोलता येत नव्हतं. त्यांचा उजवा हात गेलेला होता. डाव्या हातानं त्यांनी तिच्या पदराचं टोक धरलं आणि डोळ्यांतून पाणी वाहू दिलं. तिनं पत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. आहेराबद्दलची ओळसुद्धा.

७

तिसऱ्या दिवशी हंबीरराव गेले.

दुपारी पृथ्वीराज सेंटरवर नावं घेऊन आला. श्रुतीनं न सांगता जाड काळा फॉन्ट लावला आणि काळी चौकट काढली. मला बरं वाटलं, पोरगी शिकली होती. पृथ्वीराज मात्र घुटमळत उभा राहिला.

"आण्णा, आई म्हंतीया, निशाच्या पत्रिकेसारखी अक्षरं घाला. लई चांगली हुती म्हंती. आबांनी निवडलेली हाईत."

श्रुतीनं माझ्याकडे बघितलं. बत्तीस वर्षं खिळे आणि पुढं पाच वर्षं प्रुफं, एवढ्या काळात मी मयताला लग्नाचं अक्षर लागू दिलं नव्हतं. यावर मी लोकांशी भांडलो होतो, गिऱ्हाइकं परत पाठवली होती. छापखान्यात माझं नाव होतं ते तेवढ्यासाठीच.

"घाल," मी तिला म्हणालो.

तिनं नाजूक, वळणदार फॉन्ट काढला. शाई काळीच ठेवली, तेवढं मी सांगितलं. शोकाकुलमध्ये शालूबाई, पृथ्वीराज, सार्थक आणि त्यांच्याखाली सौ. निशा, श्री. आदर्श कुरणे. 'श्री.' आहे ना, हे मी दोनदा तपासलं.

कागद गल्लीत लागले तसे लोक बोलायला लागले. रक्षाविसर्जनाला धंद्यातलाच एक जुना सोबती मला बाजूला घेऊन म्हणाला, आण्णा, मयताला लग्नाचं अक्षर लावलंस की रं. नजर गेली वाटतं तुझी. पलीकडे शालूबाई बसल्या होत्या, त्यांना ऐकू जाईल इतक्या जवळ.

"व्हय," मी म्हणालो. "चुकलं माझं."